वाचकांचे प्रश्न : बाउंड्री, बॉर्डर आणि फ्रंटियर

प्रश्न : आमच्या शाळेतील नववीच्या मुलांना सीमाभागावर इंग्रजीत निबंध लिहायला दिला होता. कोणी 'बॉर्डर डिस्प्यूट' लिहिले, कोणी 'बाउंड्री डिस्प्यूट', तर एका मुलीने 'फ्रंटियर' हा शब्द वापरला. मुलांकडील शब्दकोशात तिन्हींपुढे 'सीमा' एवढाच अर्थ दिला आहे. तिन्ही शब्द बरोबर धरावेत का?
– एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : पहिले दोन धरावेत, तिसरा धरू नये. मात्र पहिल्या दोन शब्दांतही फरक आहे आणि तो मुलांना समजावून सांगण्यासारखा आहे.

'बाउंड्री' म्हणजे एखादी जागा जिथे संपते ती रेषा. ती कोठून कोठे जाते हे विचारता येते, पण ती किती रुंद आहे हे विचारता येत नाही. आपल्याकडे जमिनीच्या खरेदीखतात पूर्वेला कोणाचे शेत, पश्चिमेला कोणता रस्ता, दक्षिणेला ओढा की गायरान, हे सगळे नोंदवलेले असते. कन्नड दस्तऐवजात ज्याला 'चक्कुबंदी' म्हणतात त्या चतुःसीमेला इंग्रजी मसुद्यात 'बाउंड्रीज' म्हणतात, 'बॉर्डर्स' नव्हे. क्रिकेटच्या मैदानाची कडही बाउंड्रीच असते.

'बॉर्डर' या शब्दात रेषेबरोबर तिच्या लगतचा पट्टाही येतो. शहापूर-वडगावच्या मागांवर विणल्या जाणाऱ्या साडीचा काठ डोळ्यांपुढे आणावा. काठाला रुंदी असते, त्याचा रंग आणि वीण अंगापेक्षा वेगळी असते आणि तरीही तो साडीचाच भाग असतो. इंग्रजीत त्याला बॉर्डर म्हणतात, बाउंड्री कोणीच म्हणत नाही. म्हणूनच बेळगाव हा 'बॉर्डर डिस्ट्रिक्ट' ठरतो आणि निपाणी 'बॉर्डर टाऊन'. कोगनोळीजवळ महामार्गावरून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारी बस 'बॉर्डर' ओलांडते, कारण ओलांडणे, अलीकडे-पलीकडे राहणे, दोन बाजूंची गाठ पडणे हे सगळे त्या शब्दाच्या पोटात आहे. घराभोवतीचे कुंपण मात्र 'बाउंड्री वॉल' असते. त्याला 'बॉर्डर वॉल' म्हटले तर इंग्रजी वाचकाला दोन देशांमध्ये बांधलेली भिंत दिसेल.

आता वादाविषयी. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदात संसदेला राज्यांच्या 'बाउंड्रीज' बदलण्याचा अधिकार दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाचे माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांच्या अध्यक्षतेखाली 1966 मध्ये जो आयोग नेमला गेला आणि ज्याने 1967 मध्ये अहवाल दिला, त्याच्या अधिकृत नावातही 'बाउंड्री डिस्प्यूट्स' हेच शब्द आहेत. कायद्यापुढचा प्रश्न असा असतो की रेषा कोठून जावी आणि कोणते गाव तिच्या कोणत्या बाजूला पडावे; तेथे 'बाउंड्री' हाच नेमका शब्द होय. वर्तमानपत्रे 'बॉर्डर डिस्प्यूट' लिहितात, तेव्हा त्यांच्यासमोर त्या रेषेलगतची गावे, शाळा, पाट्या आणि माणसे असतात. तेही चुकीचे नाही. मुलाने आयोग, कायदा, नकाशा यांविषयी लिहिले असेल तर 'बाउंड्री' आणि इथल्या जगण्याविषयी लिहिले असेल तर 'बॉर्डर' असा भेद सांगितला, तर नववीच्या वयाला तो सहज कळतो.

'फ्रंटियर'चे तसे नाही. ब्रिटिशांनी 1901 मध्ये वायव्य सरहद्द प्रांत वेगळा केला, तेव्हा त्याच्या इंग्रजी नावात हा शब्द घातला, कारण सत्तेची घडी जिथे विरत जाते आणि पलीकडचा मुलूख हाताबाहेरचा वाटतो, अशा टोकाला तो लावला जात असे. विज्ञानाच्या 'फ्रंटियर्स' म्हणतात तेही त्याच अर्थाने, म्हणजे जिथपर्यंत ज्ञान पोहोचले आहे ती कड. ब्रिटिश लेखनात दोन देशांच्या सरहद्दीलाही फ्रंटियर म्हणतात, पण एकाच देशातील दोन राज्यांच्या सीमेला तो शब्द शोभत नाही. बाचीहून शिनोळीला जाणाऱ्या माणसाला पलीकडे अनोळखी मुलूख लागत नाही, आपली भाषा आणि आपलेच सोयरे लागतात. त्या मुलीचे गुण कापण्यापेक्षा तिला हे कारण सांगावे, असे मला मनापासून वाटते. आपले म्हणणे इंग्रजीत मांडण्याची वेळ सीमाभागातील मुलांवर वारंवार येते, आणि निदान हा शब्द तरी त्यांना अचूक यायलाच हवा.

प्रश्न : 'बॉरो' आणि 'लेंड' यांत नेहमी घोटाळा होतो.
– एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : उसने घेणे म्हणजे 'बॉरो', उसने देणे म्हणजे 'लेंड'. मराठीत 'उसने' तेच राहते आणि क्रियापद बदलते, इंग्रजीत मात्र सबंध शब्दच बदलतो, म्हणून घोटाळा होतो. पेन मागताना 'लेंड मी युअर पेन' किंवा 'मे आय बॉरो युअर पेन' म्हणावे.

प्रश्न : 'हिस्टॉरिक' आणि 'हिस्टॉरिकल' हे एकच का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. मराठीत दोन्हींना 'ऐतिहासिक' म्हटल्यामुळे ते एक वाटतात. इतिहासात ज्याचे मोल मोठे, ते 'हिस्टॉरिक'. ज्याचा संबंध इतिहासाशी किंवा गतकाळाशी आहे, ते 'हिस्टॉरिकल', मग ते मोठे असो वा किरकोळ. महात्मा गांधी काँग्रेसच्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि ते अधिवेशन डिसेंबर 1924 मध्ये बेळगावात भरले. ते 'हिस्टॉरिक' आहे. त्या अधिवेशनातील एखाद्या स्वयंपाकघराची खर्चवही सापडली, तर ती 'हिस्टॉरिकल' कागदपत्रांत मोडेल. शिवकालावरची कादंबरीही 'हिस्टॉरिकल', भले ती कालच लिहून झालेली असो. सरकारच्या मोठ्या निर्णयाला इंग्रजी पत्रकात 'हिस्टॉरिकल डिसिजन' म्हणणे आपल्याकडे सर्रास आढळते. तेथे 'हिस्टॉरिक' हवे.

प्रश्न : 'शेड' आणि 'शॅडो' दोन्ही सावलीच ना? मग भूगोलात 'रेन शेड' का म्हणत नाहीत?
– एक वाचक, अथणी

उत्तर : उन्हापासून आडोसा मिळतो ती सावली 'शेड', आणि एखाद्या वस्तूची आकृती जमिनीवर किंवा भिंतीवर उमटते ती 'शॅडो'. चिंचेखाली आपण 'शेड'मध्ये बसतो. आपली पडछाया मात्र 'शॅडो' असते. 'शेड' सुखाची असते, तर 'शॅडो'त आडव्या आलेल्या वस्तूमुळे काहीतरी अडल्याचा अर्थ येतो, आणि पावसाच्या बाबतीत नेमके तेच घडते. पश्चिमेकडून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्री चढताना थंड होतात आणि कणकुंबीच्या बाजूला भरपूर पाऊस पाडतात. घाट ओलांडून खाली उतरताना तेच वारे तापतात व कोरडे पडतात, त्यामुळे आपल्या अथणीपर्यंत पाऊस फार थोडा पोहोचतो. डोंगराने पाऊस अडवला आणि मागची जमीन त्याच्या छायेत राहिली, म्हणून 'रेन शॅडो'. मराठी पाठ्यपुस्तकांनीही 'पर्जन्यछाया' हाच शब्द घेतला आहे.