नव्या हार्ड डिस्कचा वेग कमी का दिसतो?

अरे, डिस्क परत करू नकोस, ती धडधाकट आहे. खोक्यावरचे सेकंदाला ६ गिगाबिट ही साटा जोडणीची, म्हणजे डिस्क संगणकाला जोडणाऱ्या मार्गाची क्षमता, डिस्कची नव्हे. त्यातही दर ८ बिटांसाठी १० बिट पाठवावे लागतात, म्हणून हाती उरतात सेकंदाला ६०० मेगाबाइट. रस्ता कितीही रुंद असो, बैलगाडी बैलाच्याच चालीने जाणार! ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणारी, डिस्कमधली तबकडी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते. हेडखालून, म्हणजे डेटा वाचणाऱ्या टोकाखालून, जेवढा डेटा सरकेल तेवढाच मिळतो. सलग मोठी फाइल असेल तर सेकंदाला साधारण १५० ते २५० मेगाबाइट, तेही तबकडीच्या बाहेरच्या कडेला. आतल्या वर्तुळांवर जवळपास निम्मे. बारीकसारीक फायली हजारोंनी असल्या की हेडचा वेळ जागा शोधण्यातच जातो. महागड्या केबलवर पैसे घालवू नकोस. विंडोज एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कवर) टाक, व्हिडिओ या हार्ड डिस्कवर ठेव.