फराळाच्या ऑर्डरी घेतेस, तर हे आधी ऐक

अगं, रामबागेतल्या घरून फराळ विकायला लागलीस, फार आनंद झाला. पण आता तुझा नंबर सगळ्या इंदूरभर फिरणार, म्हणून सांगते.

‘महूच्या छावणीतून बोलतोय, जवानांसाठी पन्नास डबे चकली हवी’ असा फोन आला की सावध हो. हा माणूस भावात घासाघीस करत नाही, चव बघत नाही. घाई फक्त ॲडव्हान्स पाठवायची. गणवेशातला फोटो, ओळखपत्र, सगळं व्हॉट्सॲपवर येतं. मागोमाग क्यूआर कोड येतो: ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.’ तिथेच फोन ठेव. यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो, घेताना कधीच नाही. खरा फौजी असेल तर माणूस पाठवून डबे नेईल.

‘चुकून जास्त पैसे आले, परत करा’ म्हणत कुणी मेसेज दाखवला, तर बँकेचं ॲप उघडून स्वतः जमा बघ. मेसेज कुणीही बनवतो. आणि व्हिडिओ कॉलवर ‘तुम्हाला अटक झालीय, कॉल बंद करू नका, पैसे भरा’ म्हणत धमकावणारे पोलीस? ‘डिजिटल अरेस्ट’ कायद्यात नाहीच.

तरीही पैसे गेले, तर घरच्यांपासून लपवत बसू नकोस, आम्ही आहोत ना. आधी 1930 लाव, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, मग बँकेला कळव. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत कळलं, तर ते अडवता येतात. व्यवहाराचा क्रमांक, स्क्रीनशॉट काही पुसू नकोस. आणि धंद्याचं खातं वेगळंच काढ, घरची बचत त्यात नको.