नमुन्यामागचे कारण शोध

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेले कवितासंग्रहाचे मुखपृष्ठ आणि आतल्या पानांची मांडणी मी सावकाश पाहिली. स्विस आरेखनकार योसेफ म्युलर-ब्रॉकमान यांनी झ्यूरिकच्या संगीतसभांसाठी केलेल्या भित्तिपत्रकांचा तू मनापासून अभ्यास केला आहेस, हे पानापानावर दिसते आणि त्याचा मला आनंद आहे. मात्र शीर्षकातल्या अक्षरांमध्ये तू जे अंतर सोडले आहेस, त्याविषयी सविस्तर लिहायला हवे.

हे अंतर जर्मन मुद्राक्षरकार यान चिखोल्ट यांच्या कामातून तुझ्याकडे आले असावे. 1947 ते 1949 या काळात इंग्लंडमध्ये पेंग्विन प्रकाशनाच्या पुस्तकांची मांडणी सांभाळताना त्यांनी जुळाऱ्यांसाठी, म्हणजे छपाईची अक्षरे जुळवणाऱ्यांसाठी, जे मोजके नियम लिहिले, त्यांत रोमन लिपीतली मोठी अक्षरे डोळ्यांना समान वाटेल इतक्या अंतराने सुटी करावीत, असा आग्रह होता. त्या लिपीत प्रत्येक मोठे अक्षर स्वतंत्र उभे असते आणि ए-व्हीसारखी तिरकी अक्षरे शेजारी आली की मध्ये भगदाड पडते, म्हणून तो नियम तिथे योग्यच आहे. देवनागरीत शब्द शिरोरेषेने बांधलेला असतो. तुझ्या शीर्षकातल्या ‘पाणवठा’ या शब्दाकडे जवळून पाहा: शिरोरेषेचे तुकडे झाले आहेत आणि काना आपल्या अक्षरापासून सुटून एकटा उभा आहे. वाचकाला शब्द आधी गोळा करावा लागतो, मग वाचावा लागतो.

याच चिखोल्टांनी 1928 साली मध्यरेषेवरची पारंपरिक मांडणी नाकारून असममित रचनेचा आणि साध्या, टोकांना आडव्या रेघा नसलेल्या अक्षरांचा हिरिरीने पुरस्कार केला होता. पेंग्विनमध्ये मात्र त्यांनी जुनी रोमन वळणे आणि सममित मांडणी निःसंकोच वापरली. काही जण याला माघार म्हणतात. मला ते पटत नाही, कारण शेकडो पाने सलग वाचणाऱ्याची गरज जाहिरात पाहणाऱ्यापेक्षा वेगळी असते आणि त्या गरजेप्रमाणे स्वतःचे मत बदलण्याचे धैर्य त्यांच्यात होते.

अक्षररचनाकार मॅथ्यू कार्टर यांचे ‘बेल सेंटेनिअल’ हे अक्षरवळण तू आवर्जून अभ्यासावेस. अमेरिकेतल्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी 1978 साली तयार झालेल्या या अक्षरांत, जिथे दोन रेषा मिळतात त्या कोपऱ्यांत खोल खाचा आहेत. हलक्या कागदावर वेगाने छापताना शाई पसरते, त्या खाचा भरतात आणि बारीक अक्षर स्वच्छ उमटते. तीच अक्षरे भित्तिपत्रकावर हातभर मोठी केली की खाचा उघड्या राहतात. मग त्यांचे काम संपलेले असते आणि उरते ती नक्षी.

म्युलर-ब्रॉकमान यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट त्यांच्या जाळीची, म्हणजे पान चौकटींत विभागणाऱ्या आखणीची, मापे नव्हेत, मापे काढण्याची रीत आहे. त्या जाळीतल्या चौकटीची उंची मजकुराच्या पूर्ण ओळींत मोजली जाते, म्हणून आधी ओळ ठरते आणि मग पान. दहा पॉइंटच्या (पॉइंट हे छपाईतले अक्षराचे माप) रोमन मजकुराला बारा पॉइंटची ओळ बहुधा पुरते. तू तेच गणित मराठीला लावले आहेस. आपल्याकडे ‘कर्तृत्व’ लिहिताना एकाच अक्षराच्या डोक्यावर रफार आणि पायाशी ऋकार येतो; खालच्या ओळीत नेमकी तिथेच ‘कीर्ती’मधली वेलांटी आली, की दोन ओळी एकमेकींना भिडतात. तेव्हा आधी मराठी ओळीचे अंतर पक्के कर आणि त्यावरून जाळी नव्याने आख.

या वाटेवर र. कृ. जोशी यांचे काम तुला जवळचे वाटेल. कवी, सुलेखनकार आणि पवईच्या आयआयटीत शिक्षक राहिलेल्या या माणसाने विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट घडवला. ‘मंगल’ पडद्यावरच्या वाचनासाठी आहे, त्यामुळे केवळ संगणकात आयता मिळतो म्हणून तो कवितेच्या पुस्तकात वापरू नकोस. ‘एक टाइप’ या अक्षररचना संस्थेचा ‘मुक्त’ फॉन्ट लावून पाहा; त्यात वेगवेगळ्या जाडीची वळणे असल्यामुळे शीर्षक, कवितेचे नाव आणि मजकूर यांतला फरक अक्षरे न ताणताही दाखवता येईल.

शीर्षक पुन्हा जुळव. तीन-चार कविता ओळींची अंतरे बदलून छाप आणि छपाईसाठी प्रकाशक जो कागद वापरणार आहे तोच घे, कारण शाई किती पसरते ते पडद्यावर कळत नाही. पाने पोस्टाने पाठव. मी खुणा करून परत धाडीन.

तुझा हितचिंतक