घाटात लोड असताना डिझेल व्हॅन ओढत नाही, रीमॅप केल्यावर पिकअप वाढेल का?

वाढेल. रीमॅप म्हणजे ईसीयूतला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला, डिझेल सोडायचा हिशेब बदलणं. टर्बो (इंजिनात दाबाने हवा कोंबणारा पंखा) असलेल्या कॉमन रेल (ईसीयूच्या हुकमाने जास्त दाबाचं डिझेल सोडणाऱ्या) डिझेलला नुसत्या सॉफ्टवेअरने वीस-पंचवीस टक्के ताकद जास्त काढता येते, त्यात खोटं काही नाही. पण तुम्ही लिहिलंय की व्हॅन आधी छान ओढायची, गेल्या काही महिन्यांपासून घाटात दम खाते, आणि ठाण्यातला एक जण लॅपटॉप लावून तासाभरात तीस हॉर्सपॉवर वाढवून देतो म्हणतोय. हे वाचून मला राहवलं नाही. आधी ओढणारी गाडी आता ओढत नसेल तर तिची होती ती ताकद कुठेतरी वाया जातेय. ती जागा शोधायचं सोडून वरून डिझेल वाढवायचं, हा सरळ सरळ मूर्खपणा आहे. आमच्या घरात नेमकं हेच झालं आणि त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही.

आमचा केटरिंगचा धंदा, किचन कळव्याला. गाडी बीएस-4, कॉमन रेल. लग्नसराईत शहापूर, इगतपुरीपर्यंत ऑर्डरी असतात. मागे भरलेले टोप, शेगड्या, भांडी, म्हणजे लोड कायम असतोच. त्या सीझनला कसारा घाटात गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. मागे काळा धूर. माझे बाबा एसटीच्या ठाणे आगारात मेकॅनिक होते. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय नाहीतर डिझेल जास्त होतंय, हे मी लहानपणापासून जेवताना ऐकत आलेय. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, एअर फिल्टर आणि टर्बोपासूनचे पाइप बघून घ्या. माझे धाकटे दीर धंद्यात भागीदार आहेत, गाडीचं ते बघतात. ते म्हणाले, "वहिनी, पाइपबिइप काही नाही. कंपनीच इंजिन दाबून ठेवते, ते मोकळं करायला लागतं."

मी माहेरी गेले होते तेव्हा भाऊजींनी नवी मुंबईतून एका ट्यूनरला बोलावलं. त्याने ओबीडीला, म्हणजे लॅपटॉप जोडायच्या सॉकेटला, वायर लावली, ईसीयूतली मूळ फाइल काढून घेतली, दुसरी टाकली आणि वीस हजारांच्या आसपास घेऊन गेला. गाडीला स्कॅनर लावला नाही, बॉनेट उघडलं नाही. मी परत आले तर भाऊजी खूश, माजिवड्याच्या सिग्नलवरून गाडी कशी सुटते ते दाखवायला मला बसवून घेऊन गेले. सुटत होती, नाही म्हणत नाही. मागचा धूरही वाढला होता. मग एका संध्याकाळी घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये क्लचचा जळका वास यायला लागला. आरपीएम चढतोय आणि गाडी जागची हलत नाही. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट दोन्ही गेल्या.

तेव्हा बाबांना बोलावलं. त्यांनी आधी बराच वेळ कशालाही हात लावला नाही, नुसता टॉर्च मारत होते. मग इंटरकूलरकडून (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडून) इंजिनकडे येणाऱ्या रबरी होसच्या खालच्या अंगाने बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट काळं, तेलकट. वरून बघितलं तर होस चांगला होता. क्लिप सोडून त्यांनी तो बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी वाकवला. क्लिपच्या जरा पुढे बोटाच्या पेराएवढी चीर उघडली. हात ढिला केला की मिटली, परत वाकवला की उघडली. गाडी उभी असताना ती कुणाला दिसणार नाही. चढावर टर्बोचा दाब आला की मगच उघडणार.

आता यात काय होतं ते नीट समजून घ्या, कारण तुमचंही दुखणं हेच असू शकतं. आमच्यासारख्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरजवळ असतो आणि चीर असते त्याच्या पुढे. सेन्सरने मोजलेली हवा इंजिनात पोचण्याआधीच चिरेतून बाहेर जाते. ईसीयूला ते पुरतं कळत नाही, तो मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल सोडतो. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून ताकद नाही आणि धूर काळा. यावर रीमॅप केला म्हणजे त्याच अपुऱ्या हवेत आणखी डिझेल टाकलं. एक्झॉस्टचं तापमान वाढतं, टर्बो आणि पिस्टन भाजून निघतात. थोडा जोर वाढलेला जाणवतो खरा, पण तो इंजिन जाळून मिळालेला असतो.

होस बदलला, क्लच नवा टाकला. मी स्वतः ट्यूनरला फोन करून मूळ फाइल परत टाकायला लावली. त्याने ती जपून ठेवली होती, एवढं श्रेय त्याला देते. त्यानंतरच्या इगतपुरीच्या ऑर्डरला मी मुद्दाम ड्रायव्हरशेजारी बसले. जिथे दुसऱ्यात रडत होती तिथे तिसऱ्यात चढली, कंपनीच्याच मॅपवर, आणि आरशात धूर नाही.

भाऊजींचं म्हणणं आजही असं की रीमॅप चांगलाच होता, होसचा दोष होता, दोन्ही ठेवलं असतं तर चौथ्यात चढली असती. चढली असती कदाचित. आणि क्लच परत गेला असता. लोडच्या गाडीला कामाचा असतो तो 1500 ते 2500 आरपीएममधला टॉर्क. ट्यूनरही जास्त वाढवतो तो तिथेच, कारण टर्बो डिझेलमध्ये तिथे तो सहज मिळतो. पण क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल सगळं कंपनीच्या टॉर्कच्या हिशेबाने बसवलेलं असतं. कंपनी मार्जिन ठेवते ती कुणाला फसवायला नाही. मे महिन्याचा उकाडा, भेसळीचं डिझेल, भरलेली गाडी आणि बेफिकीर ड्रायव्हर, या सगळ्यांत लाखो किलोमीटर चालावी म्हणून ठेवते. धंद्याच्या गाडीतून ती मार्जिन काढून घेणारा माणूस धंदा समजलेला नाही. हे मी भाऊजींना तोंडावर सांगितलंय, इथेही सांगते.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीत आलेल्या कलम 182-अ मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. पीयूसीला बीएस-4 डिझेलच्या धुराच्या काळेपणाची मर्यादा 1.62 (प्रति मीटर) आहे, रीमॅपनंतर धूर वाढला तर तिथे अडकता. न कळवलेला बदल सापडला की विमा कंपनीला क्लेम अडवायला कारण मिळतं.

तुमची गाडी एप्रिल 2020 नंतरची, म्हणजे बीएस-6 असेल तर आणखी सांभाळा. तिला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असला आणि जास्त डिझेलने काजळी वाढली की तो चोक होतो. मग हेच लोक "डीपीएफ बंद करून देतो, ईजीआर बंद करून देतो" (ईजीआर म्हणजे थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) म्हणत पुढचं गिऱ्हाईक करतात. ते अजिबात करू नका. रीमॅपऐवजी नुसता ट्यूनिंग बॉक्स लावून देणारे असतात, त्यांच्याही नादी लागू नका. तो बॉक्स ईसीयूला रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवतो, मग ईसीयू प्रेशर वाढवत बसतो.

ॲव्हरेजचं राहिलंच. तितक्याच हलक्या पायाने चालवली तर थोडा फरक पडू शकतो. पण जोर वाढल्यावर हलक्या पायाने चालवणारा ड्रायव्हर मला अजून भेटलेला नाही.

आणि हो, रीमॅप करणारे सगळे फसवे, असं मला म्हणायचं नाही. चांगला ट्यूनर आधी स्कॅन करतो, इंजेक्टर आणि बूस्ट (टर्बोचा दाब) तपासतो, डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, आधीचा आणि नंतरचा आकडा छापून देतो. असा कुणी मिळाला तर निदान त्याच्याशी बोलता येतं. कायदा मात्र तेव्हाही तोच राहतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला रीमॅपचा प्रश्नच नाही, तिथे ईसीयूच नसतो.

तुम्ही मॉडेल आणि साल लिहिलेलं नाही. चढावर काळा धूर येतो का, टर्बोची शिट्टी किंवा फुसफुस आधीपेक्षा मोठी झालीय का, डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला, आणि आरपीएम चढूनही वेग येत नाही असं होतं का, एवढं कळवा. बाबांना विचारून लिहीन.