नऊ गाण्यांची डुलकी

पोरी,

तुझी यादी मिळाली. पुढच्या हंगामात तुझ्या कॉयरचे, म्हणजे गायकवृंदाचे, चार कार्यक्रम आणि चार विषय: रात्र, पाणी, युद्ध आणि शांती, नाताळ. वाचताना छान वाटलं. आता 'रात्र' घे, गाण्यांची नावं हाताने झाक आणि नुसती लय आणि पट्टी वाचत जा. मी वाचली. नऊपैकी सात संथ, सातही हळू आवाजात, त्यातली सहा साथीशिवाय. याला रात्र म्हणत नाहीत गं, ही डुलकी झाली.

शब्द जुळले की विषय जमला असं आपल्याला वाटतं. श्रोत्याला शब्द निम्मेच कळतात, परकी भाषा असली तर तेवढेही नाही. त्याला ऐकू येतं ते किती आवाज एकत्र आहेत, कोण वर आहे, कोण गप्प आहे. अंगाई रात्रीची, तशी पहाऱ्याची आरोळीही रात्रीचीच. तुझ्या यादीत पहारेकरी एकही नाही.

माझ्या पहिल्या विषयवार कार्यक्रमात मी हेच केलं होतं. तीन संथ गाणी ओळीने, साथीशिवाय. चौथ्याच्या मध्यावर पियानो यायचा होता. तो आला आणि पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी दचकून मान वर केली. आम्ही अर्धा स्वर खाली होतो! गाणाऱ्यांना पत्ता नव्हता, मलाही नव्हता. संथ आणि हळू गाताना श्वास ढिला पडतो, उतरताना पायरी थोडी मोठी पडते, चढताना थोडी छोटी, आणि सगळे मिळून घसरत असल्यामुळे कुणालाच खुपत नाही. म्हणून दोन संथ गाण्यांनंतर एक चपळ गाणं, तेही वेगळ्या पट्टीतलं, आणि मधे पियानोवर सूर तपासून घ्यायचा. श्रोत्यांसमोर तपासायला लाजू नकोस.

रशियन संगीतकार राखमानिनोवचं 1915 सालचं चर्चसंगीत 'ऑल-नाइट व्हिजिल' बहुधा नावामुळे यादीत शिरलंय. त्याचा पाचवा भाग तू निवडलास. त्याच्या शेवटी बेस, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजाचे पुरुष, पायरी-पायरीने उतरत पार खालच्या बी फ्लॅट या स्वराला जातात. तिथे पोचणारे तुझ्याकडे मोजून दोन, त्यातला दुसरा सर्दी झालेली असली तरच. तो भाग काढ. दुसरा एखादा घे, पंधरा आहेत.

पाण्याबद्दल एवढंच, की दोन गाणी जास्त झाली आहेत. युद्ध आणि शांती उत्तम जमलंय, त्याला हात लावू नकोस.

नाताळात हँडल या संगीतकाराचा 'मेसाया' घेतलास, येशूवरची ती तीन भागांची मोठी रचना, घे, लोकांना हवाच असतो. पण तो पहिल्यांदा गायला गेला 13 एप्रिल 1742 रोजी, डब्लिनमध्ये. येशूच्या जन्माची कथा पहिल्या भागातच संपते, आणि सगळे ज्याची वाट बघत बसतात तो 'हालेलूया' हा कोरस दुसऱ्या भागाच्या शेवटी येतो. तेव्हा तो गा खुशाल, फक्त कार्यक्रमपत्रिकेवर 'जन्मकथा' छापू नकोस. जाणकार हसतील.

बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराचं 'सेरेमनी ऑफ कॅरल्स' (1942) तीन उंच आवाजांसाठी आणि हार्प या तारवाद्यासाठी आहे. मग तेवढा वेळ तुझे पुरुष, टेनर (वरच्या आवाजाचे) आणि बेस, काय करणार, मंचावर उभे राहून छताकडे बघणार? चारही आवाजांसाठी केलेली मांडणी मिळते, ती मागव. आणि हार्प वाजवणारं माणूस आजच सांगून ठेव. डिसेंबरात ते कुणालाच मोकळं सापडत नाही.

तालमींचा हिशेबही उलटा कर. तू पहिला कार्यक्रम पूर्ण बसवून मग दुसऱ्याला हात लावणार आहेस. सगळ्यात अवघड गाणं कुठल्याही कार्यक्रमातलं असो, ते पहिल्या आठवड्यापासून दहा-दहा मिनिटं गाऊन घे. गळ्यात मुरायला वेळ लागतो, आणि कंटाळा यायच्या आत सोडूनही देता येतं.

शनिवारी तालमीला येतोय. 'रात्र'ची नवी यादी तयार ठेव. बी फ्लॅटचा हट्ट सोडायचा नसेल तर त्या दुसऱ्या बेसला तो माझ्यासमोर गायला लाव, सर्दी नसताना.

तुझे सर