'संशयास्पद विकृती' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आहे: आईच्या मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या एक्स-रेच्या) रिपोर्टात 'सस्पिशस लीजन, बायरॅड्स ४ए, बायॉप्सी करावी' असं लिहिलंय. मोबाइलने त्याचं मराठी 'संशयास्पद विकृती' असं करून दिलं. तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरत नाही. हे भाषांतर बरोबर आहे का?

शब्दाला शब्द लावला तर बरोबर आहे. आईंपर्यंत पोचलेला अर्थ मात्र भलताच आहे.

आधी 'विकृती' घेऊ. शास्त्रात ती प्रकृतीची जोडीदारीण. प्रकृतीहून वेगळं काही दिसलं की ती विकृती, म्हणून तर पॅथॉलॉजीला विकृतिशास्त्र म्हणतात. पण घरात, पेपरात आपण 'विकृत' कुणाला म्हणतो? तोच शब्द स्वतःच्या शरीराबद्दल ऐकायचा म्हणजे भीतीच्या जोडीला लाजही आली. 'लीजन'चं लॅटिन मूळ 'इजा' एवढंच सांगतं, आणि डॉक्टर तो निरुपद्रवी गाठीलाही लावतात. मराठीत 'वेगळा दिसणारा भाग' म्हटलं की झालं.

'संशयास्पद'चं दुखणं जास्त खोल. संशयास्पद मृत्यू, संशयास्पद हालचाली, संशयित आरोपी! हा शब्द आपल्या कानावर पडतो तोच पोलीस चौकीतून. मराठीत संशय घेतला जातो, तो बळावतो, त्याचं भूत डोक्यात शिरतं. शंका त्या मानाने सोज्वळ. ती विचारता येते, तिचं निरसन होतं (लघुशंकेचं सोडा). इथे शंकाच हवी होती.

शिवाय रिपोर्टातलं 'सस्पिशस' हे एका कप्प्याचं नाव आहे. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेने १९९३मध्ये अशा रिपोर्टांची वर्गवारी करायची बायरॅड्स ही पद्धत आणली, आता तिच्यात ० ते ६ असे गट आहेत. गट ४चा पसारा प्रचंड: कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत. म्हणून त्याचे ए, बी, सी पाडले. ४ए म्हणजे २ ते १० टक्के. शंभरजणींत नव्वद किंवा त्याहून जास्त जणींना कर्करोग नसतो. ४सीवरही 'सस्पिशस'च छापतात, तेव्हा त्या शब्दापेक्षा शेजारचं अक्षर वाचावं.

माझी फजिती उलटी झाली होती. रिक्षातच माझ्या रिपोर्टाचं पाकीट फोडलं, 'बायरॅड्स ०' वाचलं, 'शून्य म्हणजे काही नाही' असं बहिणीला फोनवर सांगून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी सेंटरमधून बोलावणं आलं. शून्य म्हणजे चित्र अपुरं, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी! ती रात्र कशी गेली ते मलाच ठाऊक. पुढे सोनोग्राफीत काही निघालं नाही.

आईंना रिपोर्ट असा वाचून दाखवा: 'फोटोत एक भाग वेगळा दिसतोय. तो साधाच असण्याची शक्यता खूप जास्त आहे, पण फोटोवरून खात्री देता येत नाही, म्हणून सुईने छोटा तुकडा काढून तपासायचाय.' तपासणीची तारीख मात्र पुढे ढकलू नका.