तोराजात जुनं घर किंवा जमीन घेऊन होमस्टे काढावा का?

तुम्ही विचारलंय की इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरच्या तोराजा या डोंगराळ भागात फिरायला जावं का, आणि आवडलं तर नावेसारख्या छपराचं एखादं जुनं घर शेतीसकट घेऊन होमस्टे काढणं परवडेल का. फिरायला जरूर जा. घर घेण्याचा विचार मात्र डोक्यातून काढून टाका.

हाच प्रश्न माझ्या थोरल्या दिरांनी तिथे, भर अंत्यविधीत विचारला होता, म्हणून उत्तर लिहायला बसले.

माझे यजमान तेव्हा नोकरीनिमित्त त्याच बेटावरच्या मकास्सर शहरात होते. भाऊजी आणि जाऊबाई आल्या म्हणून रात्रीच्या बसने आम्ही तोराजातल्या रांतेपाओ शहरात गेलो. केते केसू गाव, लोंदाच्या गुहा, लेमोच्या कड्यातली थडगी यांबद्दल कुठेही वाचायला मिळेल. पण ऑगस्ट होता, म्हणजे तिथे अंत्यविधींचा हंगाम. आमच्या वाटाड्याच्या नात्यात एका आजीबाईंचा विधी होता, तो आम्हाला घेऊन गेला. आम्ही काळे कपडे घातले, बरोबर साखर नेली. वारल्यावर विधी होईपर्यंत माणसाला घरातच ठेवतात, आजारी आहे म्हणतात, जेवणही ठेवतात. या आजी कित्येक महिने तशाच घरात होत्या, कारण पांगलेली भावकी जमायला हवी आणि पैसाही उभा राहायला हवा. विधीत रेडे कापतात, आणि साध्या रेड्यालाच काही कोटी रुपिया (तिथलं चलन) लागतात, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या रेड्याला त्याच्या कितीतरी पट. कोणी रेडा आणला, कोणी डुक्कर आणलं, ते वहीत लिहून ठेवत होते. ते देणं असतं, आणणाऱ्याच्या घरी कोणी वारलं की फेडायचं.

त्या घराच्या दर्शनी खांबावर वरपासून खालपर्यंत शिंगं लावलेली, समोर धान्याच्या कोठारांची रांग, खाली उतारावर भातखाचरं. भाऊजींनी सगळं न्याहाळलं आणि वाटाड्याला विचारलं, "हे सगळं मिळून काय भाव?"

तो रागावला नाही. शांतपणे समजावत बसला. असं घर, म्हणजे तोंगकोनान, ज्या जोडप्याने पहिल्यांदा बांधलं त्यांच्या सगळ्या वंशजांचं असतं. नातं आईकडूनही चालतं आणि वडिलांकडूनही, म्हणून एकाच माणसाचा तीन-चार घरांशी संबंध असतो. छप्पर बदलायचं झालं तर जकार्ता, पापुआ, जिथे कोणी असेल तिथून वर्गणी येते. त्यात राहणारा घर सांभाळतो, ते विकायचा हक्क त्याला नाही. शेतीचं आणखी गुंतागुंतीचं. आईवडिलांच्या विधीत कोणी किती रेडे कापले यावर जुन्या रीतीने खाचरांची वाटणी ठरत आली आहे, आणि रेड्यासाठी खाचर गहाण टाकायचीही रीत आहे. समोरचं खाचर कसणाऱ्याचं असेल, गहाण घेणाऱ्याचं असेल, नाहीतर बाहेरगावी राहणाऱ्या चुलत भावाचं असेल.

भाऊजी म्हणाले, "म्हणजे कोणाचंच नाही."

हे वाक्य मी आधीपासून ऐकत आले होते. राजापूरजवळ आमचं सासरचं घर आहे, सातबाऱ्यावर सोळा नावं. तिथेही त्यांचं म्हणणं हेच, की सोळा जणांचं म्हणजे कोणाचंच नाही, बिल्डर चांगला भाव देतोय, मोकळे होऊ. मी त्यांना त्या विधीच्या अंगणातच विचारलं, इथे जमलेली ही शेकडो माणसं कोणाची आहेत मग? आपल्याकडे गणपतीला मुंबई-पुण्याहून जी पन्नास माणसं त्या पडवीत झोपतात ती कोणाची? घर गेलं की ती एकमेकांना फक्त लग्नात भेटतील, पुढची पिढी तेही नाही. ज्याला पैशाची निकड आहे त्याला बाकीच्यांनी मिळून द्यावेत. तोराजात माणसं रेड्यासाठी कर्जबाजारी होतात हे खरं, ते मलाही पटत नाही. पण घर टिकवायला सगळे हात लावतात, एवढं आम्हाला जमायला काय हरकत आहे?

असो. तुमच्यासाठी कायद्याची बाजू सांगते. इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी, हाक मिलिक, फक्त त्यांच्या नागरिकांनाच मिळते. बालीत सर्रास चालतं तसं स्थानिकाच्या नावावर घ्यायचं कोणी सुचवलं तर तिथून उठा. असा व्यवहार रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. परदेशी माणसाला तिथे राहण्याचा परवाना असेल तर हाक पकाई, म्हणजे ठरावीक मुदतीचा वापरहक्क मिळतो. नाहीतर भाडेपट्टा. परदेशी भांडवलाची कंपनी काढायची तर 10 अब्ज रुपियांच्या वर गुंतवणूक दाखवावी लागते. आपले पाच कोटींच्या वर. एका होमस्टेसाठी हे करणारा माणूस मला तरी शहाणा वाटत नाही.

रांतेपाओ आणि मकाले शहरांत सरकारी प्रमाणपत्र असलेले प्लॉट विकले जातात, तेव्हा सगळीच जमीन घराण्याची असते असं समजू नका. तिथेही नोटरीकडून कागद तपासून घ्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा. खरंच पैसे लावायचे असतील तर एखाद्या कुटुंबाच्या चालू होमस्टेला न्हाणीघर, गाद्या, छपराची डागडुजी यासाठी मदत करून हिस्सा ठरवा. घर त्यांचंच राहू द्या.

जायचं तर जुलै-ऑगस्ट. मकास्सरहून रस्त्याने आठ-दहा तास लागतात. मकालेजवळ विमानतळ झालाय, पण विमानांचं वेळापत्रक आधी नीट बघा. डोंगरातल्या बातुतुमोंगा गावी एक रात्र राहा, आणि शाकाहारी असाल तर वाटाड्याला पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.